पिग्मीचा रिपोर्ट आणि सेशनवरचं ओझं : मोठे क्वेरी-निकाल कसे हाताळावेत

बेळगाव, निपाणी, संकेश्वर, खानापूर या पट्ट्यात बीसीए किंवा इंजिनीअरिंग करून वेब प्रोग्रामिंगला लागलेल्या मुलामुलींच्या हाती पुष्कळदा पहिलं काम येतं ते एखाद्या पतसंस्थेचं, नाहीतर कर्नाटकातल्या सौहार्द (सहकारी) सोसायटीचं. आणि सोसायटी म्हटली की पिग्मी, म्हणजे रोजची छोटी बचत, आलीच. एजंट रोज दुकानोदुकानी फिरतो, कुणाकडून पन्नास घेतो, कुणाकडून शंभर, आणि प्रत्येक पावतीची डेटाबेसमध्ये एक ओळ वाढते. उडुपीच्या सिंडिकेट बँकेनं १९२८ साली ही योजना काढली, तेव्हापासून तिचं मर्म तेच आहे: रक्कम लहान, नोंदी भरपूर.

किती भरपूर, तो हिशेब आधी करू. समजा एका सोसायटीत पिग्मीची ४,००० खाती आहेत आणि महिन्यात वसुलीचे २६ दिवस. महिन्याला १,०४,००० ओळी झाल्या, वर्षाला १२,४८,०००. डेटाबेसला हे काही जड नाही. जड होतं ते वेब ॲप्लिकेशनला, आणि त्याचं कारण जवळजवळ नेहमी एकच असतं. नवा प्रोग्रामर ‘या महिन्याची पिग्मी’ या बटणामागे क्वेरी (डेटाबेसला विचारायचा प्रश्न) लिहितो, आलेल्या सगळ्या ओळी युजरच्या सेशनमध्ये, म्हणजे सर्व्हरनं त्याच्यासाठी ठेवलेल्या कप्प्यात, ठेवतो आणि त्यातल्या पन्नास-पन्नास स्क्रीनवर दाखवतो. ‘पुढील पान’ दाबलं की पुन्हा डेटाबेसकडे जायला नको, असा त्यामागचा विचार. दोनशे ओळींच्या चाचणी-डेटावर हे झकास चालतं.

माझं सांगणं एवढंच आहे: सेशनमध्ये प्रश्न ठेवा, उत्तर ठेवू नका. उत्तर डेटाबेसमध्ये आहेच, आणि ते पुन्हा काढून देणं हेच त्याचं काम आहे. हे कसं जमवायचं ते क्रमानं बघू.

आधी ओझं मोजा

एचटीटीपीला मागची विनंती आठवत नाही. म्हणून सर्व्हर प्रत्येक युजरसाठी एक कप्पा ठेवतो, तो सेशन. कप्पा कुठे असतो हे तुमच्या साधनावर अवलंबून आहे, आणि ते माहीत नसताना त्यात काही टाकू नका. पीएचपीत तो मुळात सर्व्हरच्या डिस्कवरची एक फाईल असते. टॉमकॅटवर चालणाऱ्या जावा ॲपमध्ये तो सर्व्हरच्या मेमरीत असतो. पायथनच्या जँगोत डेटाबेसच्या एका टेबलात. पायथनच्याच फ्लास्कमध्ये तर तो ब्राउझरच्या कुकीत जातो, आणि कुकीची मर्यादा सुमारे ४ किलोबाईट, म्हणजे तिथे पिग्मीच्या पंचवीस ओळीही धड मावायच्या नाहीत.

पीएचपीचं उदाहरण सविस्तर बघूया, कारण आपल्याकडच्या सोसायट्यांची जुनी सॉफ्टवेअर पुष्कळदा त्यातच असतात. एका ओळीत पावती क्रमांक, तारीख, खाते क्रमांक, नाव, गाव, एजंट आणि रक्कम धरा. पीएचपीच्या ॲरेत अशी एक ओळ अर्धा ते एक किलोबाईट मेमरी सहज खाते. नावं देवनागरीत असतील तर आणखी थोडी, कारण यूटीएफ-८ या अक्षर-संकेतात देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं आणि काना, वेलांटी, मात्रा वेगवेगळ्या मोजल्या जातात. ‘निपाणी’ दिसायला तीन अक्षरं. चिन्हं ६, बाइट १८. कन्नडलाही हाच हिशेब लागू. तर १,०४,००० ओळी म्हणजे ढोबळमानानं पन्नास ते शंभर मेगाबाइट, आणि पीएचपीची एका विनंतीसाठीची मूळ मेमरी-मर्यादा १२८ मेगाबाइट. एक महिना कसाबसा निभावेल. मॅनेजरसाहेबांनी तिमाही मागितली की स्क्रीन पांढरी.

पण मेमरी संपणं हा त्यातला कमी त्रासाचा भाग, कारण तो निदान लगेच दिसतो. खरा त्रास दोन ठिकाणी लपलेला असतो. पहिला असा, की सेशनची फाईल प्रत्येक विनंतीला पूर्ण वाचली जाते आणि उलगडली जाते. क्लार्कनं साधा पासवर्ड बदलायचं पान उघडलं तरी त्याच्या मागे महिन्याची सगळी पिग्मी उचलून आणली जाते. दुसरा त्रास कुलपाचा. एकाच युजरच्या दोन विनंत्यांनी एकाच वेळी सेशन बदलू नये म्हणून पीएचपी त्या फाईलला कुलूप घालतं. एका टॅबमध्ये रिपोर्ट निघत असेल तर त्याच क्लार्कचा दुसरा टॅब, जिथे त्याला काउंटरवरच्या माणसाची पावती करायची आहे, तो कुलूप निघेपर्यंत नुसता फिरत राहतो. सोसायटीतून फोन येतो तो ‘सिस्टीम हँग झाली’ असा. डेटाबेस बघाल तर निवांत, सर्व्हरचा प्रोसेसर निवांत, नेट चालू. अशी तक्रार आली की आधी सेशनचं कुलूप तपासा. सेशनमधून लागेल तेवढं वाचून झाल्यावर, लांब चालणारी क्वेरी सुरू करण्याआधी, ‘सेशन राइट क्लोज’ हे फंक्शन बोलवा. कुलूप तिथेच सुटतं. ही एक ओळ आजच घाला, बाकीची दुरुस्ती सावकाश करा.

काही जण यावर उपाय म्हणून सेशन रेडिसमध्ये किंवा मेमकॅशमध्ये (मेमरीत डेटा ठेवणारी वेगळी साधनं) हलवतात. दोन सर्व्हर असतील तर ते करायला हवंच. पण त्यानं ओझं कमी होत नाही, फक्त त्याची जागा बदलते. मेमकॅश तर मुळात १ मेगाबाइटपेक्षा मोठी एक वस्तू घेतच नाही.

माणसाला काय हवंय ते विचारा

ही पायरी तांत्रिक नाही, म्हणून ती बहुतेक वेळा गाळली जाते. मॅनेजर ‘सगळी पिग्मी दाखव’ म्हणतात तेव्हा त्यांना लाखभर ओळी वाचायच्या नसतात. कुठल्या एजंटनं किती आणले, कुठल्या शाखेत वसुली घसरली, कुणाचं खातं महिनाभर कोरडं आहे, हे त्यांना हवं असतं. शेजारी बसून विचारा की, ‘साहेब, हा कागद हातात आल्यावर तुम्ही पहिल्यांदा काय बघता?’

उत्तर बेरजेचं असेल तर बेरीज डेटाबेसलाच करू द्या. एजंटनिहाय ‘ग्रुप बाय’ आणि रकमेची ‘सम’ लावली की लाख ओळींच्या जागी वीस-पंचवीस ओळी येतात. त्यातल्या एका एजंटवर क्लिक केलं की त्याच्याच नोंदी, त्याही पानापानानं. सगळ्या ओळी पीएचपीत आणून तिथे लूप फिरवून बेरीज करणारा कोड दिसला तर तो आधी काढा.

अटी कुठे ठेवायच्या

सेशनमध्ये निकाल ठेवायचा नाही, तर ‘पुढील पान’ दाबल्यावर सर्व्हरला कसं कळणार की कुठल्या यादीचं पुढचं पान? शोधाच्या अटींवरून. कोणती तारीख ते कोणती तारीख, कुठला एजंट, कशाप्रमाणे क्रम, आणि शेवटची दिसलेली ओळ कोणती. या चार-पाच गोष्टी शंभर-दोनशे बाइटांत बसतात.

त्या सेशनमध्ये ठेवता येतात, पण माझा कल त्या पत्त्यात, म्हणजे यूआरएलमध्ये ठेवण्याकडे आहे. सेशन दोन्ही टॅबना एकच असतं. क्लार्कनं एका टॅबमध्ये चिकोडी शाखेची यादी उघडली आणि दुसऱ्यात निपाणीची, तर सेशनमधल्या ‘चालू शोध’ या एकाच जागेवर निपाणी बसते. मग तो पहिल्या टॅबमध्ये येऊन ‘पुढील पान’ दाबतो आणि चिकोडीच्या मथळ्याखाली निपाणीची नावं येतात. पैशाच्या कामात ही चूक फार वाईट, कारण स्क्रीन बरोबरच दिसते. अटी पत्त्यात असल्या की प्रत्येक टॅबची यादी त्याची त्याची राहते, मागे जाण्याचं बटण नीट चालतं, आणि सेशन संपलं तरी पुन्हा लॉगिन केल्यावर माणूस त्याच पानावर परत येऊ शकतो. पीएचपीत सेशनचं मूळ आयुष्य १,४४० सेकंद, म्हणजे २४ मिनिटं. टॉमकॅटमध्ये ३० मिनिटं. जेवणाच्या सुट्टीत दोन्ही संपतात.

अटी फारच लांब असतील, जसं की निवडलेल्या दोनशे खात्यांची यादी, तर प्रत्येक शोधाला एक वेगळा, अंदाजानं ओळखता न येणारा क्रमांक द्या, अटी त्या क्रमांकाखाली टेबलात ठेवा आणि पत्त्यात तेवढा क्रमांक जाऊ द्या. तो उघडताना मात्र शोध त्याच युजरचा आहे का, हे तपासा.

इथे एक गोष्ट ठळकपणे सांगतो. युजर कोण आणि त्याला कुठली शाखा बघायचा अधिकार आहे, हे पत्त्यातून कधीही घेऊ नका. ते सेशनमधून ठरलेल्या युजरवरूनच घ्या आणि प्रत्येक क्वेरीत सर्व्हरनं स्वतः जोडा. नाहीतर पत्त्यातला शाखेचा आकडा बदलून कुणीही दुसऱ्या शाखेची खाती वाचेल. निकाल सेशनमध्ये साठवण्यावर माझा आणखी एक आक्षेप इथेच येतो. क्लार्कची बदली झाली, अधिकार काढले, तरी सकाळी साठवलेली जुनी यादी त्याला सेशन संपेपर्यंत दिसत राहते.

पान आणायची पद्धत

सर्वांना आधी शिकवली जाते ती ‘लिमिट’ आणि ‘ऑफसेट’ची जोडी: किती ओळी घ्यायच्या आणि आधीच्या किती सोडायच्या. पन्नासचं पान असेल तर तिसऱ्या पानाला लिमिट ५०, ऑफसेट १००. पहिल्या काही पानांना ही चांगली आहे, आणि यादी छोटी असेल तर हीच वापरा. पण ऑफसेट म्हणजे उडी नव्हे. दोन हजाराव्या पानासाठी डेटाबेस १,००,००० ओळी क्रमानं वाचतो आणि त्यातल्या ९९,९५० टाकून देतो. शिवाय यादी नव्यापासून जुन्याकडे असेल आणि तुम्ही पान बघत असताना एजंटनं मोबाईलवरून दहा पावत्या केल्या, तर सगळ्या ओळी दहानं खाली सरकतात आणि पुढच्या पानावर आधी पाहिलेल्याच दहा पुन्हा दिसतात.

त्यापेक्षा शेवटच्या ओळीची खूण धरून पुढे जा. पन्नास ओळी दाखवल्या, त्यातल्या शेवटच्या ओळीची तारीख आणि आयडी लक्षात ठेवा, आणि पुढच्या क्वेरीत म्हणा: ‘तारीख त्याहून जुनी असलेल्या, किंवा तारीख तीच आणि आयडी त्याहून लहान असलेल्या ओळींपैकी पहिल्या ५०’. तारीख आणि आयडी यांचा याच क्रमानं एकत्र इंडेक्स (शोधसूची) असेल तर डेटाबेस थेट त्या जागी जातो. पहिलं पान आणि दोन हजारावं पान, दोन्हींना सारखाच वेळ. पोस्टग्रेसमध्ये दोन कॉलमांच्या जोडीची तुलना सरळ लिहिता येते. मायएसक्यूएलमध्ये वर सांगितलं तसं उलगडून लिहा, आणि दोन्हीकडे ‘एक्सप्लेन’ (क्वेरी कशी चालणार ते सांगणारी आज्ञा) लावून इंडेक्स खरंच वापरला जातो का ते बघा. शाखेची अट नेहमीच असते, म्हणून इंडेक्सात शाखा सर्वांत आधी घ्या.

आयडी कशाला, नुसती तारीख का पुरत नाही? एका दिवसाच्या ४,००० नोंदींची तारीख एकच असते. ‘त्याहून जुनी’ एवढंच म्हटलं तर त्या दिवसाच्या पन्नास नोंदी दिसून बाकीच्या ३,९५० गायब होतील. नावाप्रमाणे क्रम लावला तर हा घोळ आपल्या भागात आणखी लवकर होतो. येळ्ळूर, कडोली, उचगाव यातल्या कुठल्याही गावाची यादी काढा, पाटील किती निघतील ते बघा. आडनावाची खूण धरून पुढे गेलात तर पाटलांमध्येच पान तुटतं आणि उरलेले पाटील कुठल्याच पानावर येत नाहीत. म्हणून क्रमाच्या शेवटी नेहमी एक असा कॉलम ठेवा जो दोघांचा सारखा असूच शकत नाही. खाते क्रमांक किंवा आयडी.

नावांबाबत सीमाभागाची स्वतःची एक अडचण आहे. एका शाखेत नावं इंग्रजीत भरलेली, दुसरीत मराठीत, तिसरीत कन्नडमध्ये. डेटाबेस लिपीनुसार गट पाडून क्रम लावतो, त्यामुळे तोच माणूस तीन ठिकाणी सापडू शकतो. गावांचंही तसंच: १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी नाव बेळगावी, पण जुन्या नोंदी बेळगावच्या. अशा कॉलमवर पानांचा क्रम बेतू नका. गावाला कोड द्या, खात्याला क्रमांक द्या, नाव फक्त दाखवायला आणि शोधायला ठेवा. आणि क्रमाच्या कॉलमात रिकामी किंमत येऊ देऊ नका, कारण रिकाम्या किमतीशी तुलना केली की ती ओळ निकालातून निसटते.

‘एकूण २,०८० पानांपैकी ३ रे’ असं दाखवायचा मोह होतो. त्यासाठी प्रत्येक वेळी सगळ्या ओळी मोजाव्या लागतात, आणि पोस्टग्रेस किंवा मायएसक्यूएलच्या इनोडीबी या साठवण-प्रकारात ही मोजणी फुकट नाही. २,०८० वं पान कुणी उघडत नाही. पन्नासऐवजी ५१ ओळी मागवा; एक्कावन्नावी आली तर ‘पुढील’ दाखवा, नाही आली तर नका दाखवू. एकूण आकडा हवाच असेल तर शोधाच्या सुरुवातीला एकदा मोजून तेवढा आकडा सेशनमध्ये ठेवायला हरकत नाही.

छोट्या पानाचा फायदा शेवटी शाखेतल्या माणसाला होतो. जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला पावसाळ्यात नेट जेमतेम असतं, आणि पन्नास ओळींचं पान तिथेही येतं.

संपूर्ण यादी हवी असेल तेव्हा

ऑडिटर आले की पूर्ण वर्षाच्या नोंदी मागतात. ती मागणी रास्त आहे आणि ती पानापानानं भागत नाही. तरीही सेशन हा रस्ता नाहीच. क्वेरी चालू असताना ओळ आली की फाईलमध्ये लिहायची, पुढची घ्यायची; एका वेळी मेमरीत थोड्याच ओळी.

इथे नवे लोक ड्रायव्हरमुळे, म्हणजे कोड आणि डेटाबेस यांना जोडणाऱ्या भागामुळे, फसतात. कोडमध्ये एकेक ओळ घेणारा लूप दिसतो, पण ड्रायव्हरनं आधीच पूर्ण निकाल मेमरीत ओढलेला असतो. पीएचपीचा मायएसक्यूएल ड्रायव्हर मुळात असंच करतो. त्याला ‘बफर्ड क्वेरी’ बंद करायला सांगावं लागतं, आणि मग तो निकाल संपेपर्यंत त्याच जोडणीवर दुसरी क्वेरी चालवता येत नाही. जावात मायएसक्यूएलचा ड्रायव्हरही सगळं ओढतो. पोस्टग्रेसचा जावा ड्रायव्हर ‘फेच साइझ’ (एका वेळी किती ओळी आणायच्या) मानतो, पण ऑटोकमिट (प्रत्येक क्वेरी आपोआप पक्की करणं) बंद असेल तरच. पायथनच्या सायकोपीजी-२ या पोस्टग्रेस ड्रायव्हरमध्ये नाव दिलेला कर्सर (निकालात कुठवर आलो ती जागा धरणारी खूण) वापरला तरच निकाल सर्व्हरवर राहतो, आणि जँगोत त्यासाठी ‘इटरेटर’ आहे.

हे वाचून कुणाला वाटेल की मग सर्व्हरवरचा कर्सरच युजरसाठी उघडा ठेवावा, तो पान मागेल तशा ओळी द्याव्यात. तसं करू नका. उघडा कर्सर म्हणजे अडकलेली जोडणी. पोस्टग्रेसच्या मूळ मांडणीत जोडण्या १००, मायएसक्यूएलच्या १५१. क्लार्क यादी उघडून चहाला जातो आणि जोडणी त्याची वाट बघत बसते.

फाईल कोणत्या रूपात द्यायची तेही आधी ठरवा. एक्सेलच्या एका शीटमध्ये १०,४८,५७६ ओळी मावतात, आणि आपल्या वर्षाच्या आहेत १२,४८,०००. म्हणून महिनावार फाईल करा. सीएसव्ही देत असाल तर फाईलच्या सुरुवातीला यूटीएफ-८ ची बीओएम (फाईल कुठल्या अक्षर-संकेतात आहे ते सांगणारी) खूण लिहा, नाहीतर एक्सेलमध्ये मराठी नावांच्या जागी अगम्य चिन्हं दिसतील. काम मिनिटभरापेक्षा जास्त चालणार असेल तर ते पार्श्वभूमीत टाका: विनंतीची नोंद करा, वेगळी प्रक्रिया फाईल तयार करील, आणि युजरला ‘फाईल तयार आहे’ एवढं दिसेल. ती फाईल वेबच्या उघड्या फोल्डरमध्ये ठेवू नका. लॉगिन आणि अधिकार तपासूनच द्या. खातेदारांची नावं आणि रकमा आहेत त्यात.

यादी गोठवून हवी असेल तर

क्वचित अशी वेळ येते की निकाल बदलता कामा नये. दिवसअखेरीला मॅनेजर यादीवर टिक करत चालले आहेत आणि मध्येच नवी नोंद आली तर गोंधळ होईल. साधा उपाय: शोध सुरू होताना सर्वांत मोठा आयडी कोणता हे नोंदवा आणि पुढच्या प्रत्येक पानाला ‘आयडी यापेक्षा मोठा नको’ ही अट जोडा. एवढ्या एका आकड्यानं बहुतेक कामं होतात. पण त्यात जुन्या ओळीतली दुरुस्ती दिसतेच, आणि त्याच क्षणी अर्धवट असलेला व्यवहार नंतर पूर्ण झाला तर तोही आत शिरू शकतो.

तेवढंही चालणार नसेल तर निकालाचं एक वेगळं टेबल करा: शोध क्रमांक, अनुक्रमांक, नोंदीचा आयडी, आणि गोठवायची असेल ती रक्कम. हे भरायला ओळी पीएचपीत आणायची गरज नाही; ‘इन्सर्ट’ आणि ‘सिलेक्ट’ एकत्र लिहिलं की डेटाबेस आतल्या आत भरतो. अनुक्रमांक असल्यामुळे कुठलंही पान थेट काढता येतं. प्रत्येक शोधाला मुदत घाला आणि मुदत संपलेल्या ओळी रात्रीच्या क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामात) काढून टाका. ही साफसफाई पहिल्याच दिवशी लिहा, कारण नंतर हे टेबल मूळ पिग्मीपेक्षा मोठं होतं.

तपासणी

दोनशे ओळींवर यातलं काहीच कळत नाही. साडेबारा लाख बनावट ओळी तयार करा, खऱ्या खातेदारांची नावं न वापरता. त्यात मुद्दाम हजारभर पाटील घाला, तीनही लिपी घाला, एका तारखेला दहा हजार नोंदी घाला. मग सगळी पानं प्रोग्रामनं एकामागून एक काढा आणि मिळालेल्या आयडींची मोजणी मूळ टेबलाशी ताडून बघा. एकही कमी किंवा दोनदा येता कामा नये. दोन टॅबमध्ये दोन शाखा उघडून आलटून पालटून पानं उलटा. लांब रिपोर्ट चालू असताना दुसऱ्या टॅबमध्ये पावती करा आणि ती लगेच होते का बघा. शेवटी प्रत्येक विनंतीच्या अखेरीस सेशनचा आकार लॉगमध्ये लिहायला लावा, आणि तो १० किलोबाईटच्या वर गेला की कोणत्या पानानं त्यात काय टाकलं ते त्याच दिवशी शोधा.